आहुप्यात उघडलेलं पान

मंगलबाई आसवले तीस वर्षं आरोग्यसेविका होत्या. शेवटची नेमणूक पिंपळवंडीला झाली आणि निवृत्तीनंतर त्या तिथेच राहिल्या. मूळच्या आहुप्याच्या. आई अंबाबाई आणि धाकटा भाऊ कुशाबा अजून तिथेच, भातखाचरं सांभाळून.

नोकरीत वाड्यावस्त्या फिरताना कोणत्या दुखण्याला कुठला पाला, कुठली रानभाजी कधी खुडायची, हे त्या वहीत उतरवत. निम्मं तर आईनंच सांगितलेलं. सात वह्या झाल्या, त्यातल्या दोन वाळवीनं खाल्ल्या. तेव्हा उरलेल्यांची वेबसाइट करायचं त्यांनी मनावर घेतलं.

कुशाबाची मुलगी तेजस्विनी पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, आत्या, आधी तुझ्याच लॅपटॉपवर सर्व्हर बसव, सगळं जमलं की मी ते इंटरनेटवर चढवीन. मंगलबाई गोंधळल्या. सर्व्हर हा शब्द त्यांनी दाखले काढायला गेल्यावर खिडकीपाशी ऐकलेला. तो कायम बंद असायचा. तो आपल्या लॅपटॉपात मावणार कसा?

हिंदी व्हिडिओ बघत, थांबवत, मागं नेत त्यांनी तो, म्हणजे पानं दाखवणारा प्रोग्राम, बसवला. सुरूचं बटण दाबलं की हिरवी अक्षरं यायची आणि लगेच लाल व्हायची. पोर्ट ऐंशी वापरात आहे, असं काहीतरी. तेजस्विनीनं फोनवर सांगितलं, की त्या दारात आधीच दुसरा प्रोग्राम बसलाय, तू दाराचा नंबर बदल. त्यांनी फाइलमध्ये ऐंशीचा आठ हजार ऐंशी केला. पान उघडलं. आपण नक्की काय केलं, हे मात्र त्यांना कळलं नाही.

मग चाळीस भाज्यांची नावं आणि फोटो भरले. पान पुन्हा उघडलं तर भारंगी, कुर्डू, चाईचा मोहर, सगळ्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. भाषेची सेटिंग आधी करायची राहिली होती. ती केली, पण गेलेली अक्षरं परत येईनात. चाळीसच्या चाळीस नावं पुन्हा टाइप केली.

आता आईला दाखवावं म्हणून त्यांनी कुशाबाला पत्ता सांगितला, लोकलहोस्ट, पुढं आठ हजार ऐंशी. तो रेंजसाठी टेकाडावर चढला.

"आक्का, हितं कायच येत न्हाई," तो म्हणाला.

मंगलबाईंनी दोष रेंजला दिला. चार दिवसांनी लॅपटॉप पिशवीत घालून त्या घोडेगावहून एसटीनं आहुप्याला गेल्या. घरात रेंज नव्हतीच. सवयीनं त्यांनी पत्ता टाकला आणि पान उघडलं, फोटोंसकट. जिथं रेंज होती तिथं उघडलं नाही, नाही तिथं उघडलं. त्या टेकाडावर गेल्या आणि भाचीला फोन करून विचारलं. तेजस्विनीनं समजावलं, की लोकलहोस्ट म्हणजे हेच यंत्र. बाबा तो पत्ता टाकतात तेव्हा फोन स्वतःच्याच पोटात शोधतो. टेकाडावर हे पटलं. खाली उतरेपर्यंत त्यातलं निम्मं निसटलं.

अंबाबाई एकेक फोटो निरखत होती. दोन नावं चुकलीत, म्हणाली. मग विचारलं, "हे कोन कोन बघतंय?"

"आत्ता आपणच. पुढं सगळे बघतील."

"मंग असंच ऱ्हाऊ दे. मागच्या साली औषदाच्या मुळ्या न्यायला मानसं आलती. देवराईच्या कडंला खड्डे पाडून गेली. आमी बुजवले."

हे मंगलबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. वह्यांना वाळवी लागते, आईचं वय झालं. लपवून ठेवलं तर संपणार, दाखवलं तर कुणीतरी कुदळ घेऊन येणार.

तेजस्विनीला त्यांनी थांबायला सांगितलं. भाज्यांचं तेवढं सगळ्यांना दाखवता येईल, मुळ्यांचं आपल्यापाशी ठेवता येईल, असं ती म्हणते. मंगलबाईंना ते पुरतं समजलेलं नाही. पण त्या आहुप्यालाच राहिल्यात. दुपारी हातातलं काम उरकून अंबाबाई सांगते आणि त्या टाइप करतात. आतापर्यंत पंधरा मुळ्या झाल्या. 'कुठं उगवते' हा रकाना सगळीकडे मोकळा आहे. अंबाबाई तेही सांगते. ते लिहावं की नाही, हे मंगलबाईंचं अजून ठरत नाही.