पिसांचं गिऱ्हाईक

बँकेतून लवकर निवृत्त झालेले सदाशिव पेठेतले श्रीनिवास दातार आयटीतल्या मुलाकडे अमेरिकेला राहून आले ते एक खूळ घेऊनच. गळाला पिसं बांधून माशाला फसवणारी खोटी माशी करायची! मासा धरायचा नव्हता. घरात अंडंसुद्धा चालत नाही. पण माशी जमलीच पाहिजे. कबुतराची पिसं बांधता बांधताच विस्कटायची. शेवटी चिडून ते जन्मात पहिल्यांदा चिकनच्या दुकानात शिरले आणि कोंबड्याच्या मानेची पिसं मागून आणली. माशी झकास जमली. श्रीनिवासराव खिडकीत बसून शीळ घालू लागले.

संध्याकाळी शेजारच्या लेलेबाई त्यांच्या बायकोला, कुसुमताईंना, हळूच म्हणाल्या, "तुमचे मिस्टर चिकनच्या दुकानातून पिशवी घेऊन निघताना दिसले हो!"

"हो ना," कुसुमताई म्हणाल्या. "पिसं आम्ही ठेवली. कोंबडी तुम्हाला हवी होती का?"