देवघराखालची टाकी

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरचे देव दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस एक सकाळ बाहेर असतात. त्या वेळात कुणी नवस बोलू नये. पोचेलच याची हमी नाही.

झालं असं, की आम्ही हौसेनं पर्यावरणस्नेही घर बांधलं. मातीच्या विटा, गच्चीवर सौर पॅनेल आणि पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली टाकी. वास्तुशास्त्रवाल्यांनी बजावलं, पाणी ईशान्येला. आईनं बजावलं, देव ईशान्येला. आर्किटेक्ट आज्ञाधारक निघाला, त्यानं दोघांचंही ऐकलं. घराला ईशान्य कोपरा एकच असतो, हे मात्र राहायला गेल्यावर कळलं. टाकीचं झाकण बरोबर देवघराखाली!

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या उन्हाळ्यात टाकी साफ करायला निघालो, तर आई देवघरासमोर ठाण मांडून बसली. बसवलेले देव गाळ काढण्यासाठी उठवायचे नसतात, म्हणाली. मग जुन्या गाळावर नवं पाणी साठलं आणि गणपतीत आलेल्या पाहुण्यांनी आमचा चहा अर्धाच पिऊन ठेवला. वासच तसा होता. पावसाचं पाणी प्यायला घर बांधलेल्या आम्ही टँकर मागवला.

पुढच्या मेमध्ये बायकोनं सूत्रं हाती घेतली.

"आई, देव उठवायचे नाहीत हो. गंगेवर आंघोळीला न्यायचेत."

आईनं थोडा विचार केला आणि ठेवणीतली साडी काढली. गुडघ्यांमुळे एरवी फाटकाबाहेर न पडणारी आई गाडीत पुढे बसली, मांडीवर शालीत गुंडाळलेले देव. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ती त्यांना धीर देत होती. आमच्या गावातल्या नदीला सगळे गंगाच म्हणतात; तिथे आंघोळ झाली. मग देवांना भूक लागल्याचं तिनंच जाहीर केलं. त्यांना पेढा, आम्हाला मिसळ. परतलो तर मागे बोलावून ठेवलेल्या सफाईवाल्यांनी टाकी लख्ख केलेली.

तेव्हापासून हा शिरस्ताच पडला. टाकीला वास नाही, आणि आता गल्लीतल्या दोन मावशीही मागच्या सीटवर असतात.

यंदा ओटा दुरुस्त करायला आलेला गवंडी म्हणाला, झाकण अंगणात काढून देतो, आतलं कायमचं बंद. आम्ही दोघं खूश. आई वाती वळत होती. मी थाटात सांगितलं, की आता देवांना कधीच हलवायला नको.

तिचे हात थांबले.

"म्हणजे देवांनी काय वर्षभर घरातच बसून राहायचं?"