दुधाच्या पिशव्यांची चांदणी

त्या दिवशी सकाळी धुई इतकी दाट होती, की समोरचं सुशीलाबाईंचं दार दिसत नव्हतं. त्यांचा खोकला तेवढा ऐकू येत होता. डिसेंबर निम्मा सरलेला. मी घोंगडी पांघरून ओट्यावर बसलो होतो.

पोरं आणि टाकाऊ सामान एका जागी आलं, की किस्से आपोआप साचतात. कितीही झाडा, कोपऱ्यात एखादा उरतोच! माझा जन्म पोलीस ॲक्शननंतरचा. तारीख कुणालाच ठाऊक नाही. शाळेचं तोंड पाहिलं नाही, जन्मभर बाजा विणल्या. म्हणून मी सांगतोय आणि माझी नात स्वरा लिहून घेतेय. मधेच म्हणते, "आबा, जरा हळू!" हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी म्हटलं!

तर सुशीलाबाई. दवाखान्यात आया होत्या. गल्लीतली निम्मी पोरं आईच्या आधी त्यांच्या हातात आली. नाताळ आला, की त्यांच्याकडं सगळ्या पोरांना केक, करंज्या, आणि दारात ही मोठी चांदणी. ती टांगायचे त्यांचे मालक, मास्तर. मास्तर उन्हाळ्यात गेले.

त्या धुईतून बाई आल्या, उभ्या उभ्याच म्हणाल्या, "आबा, पोरांना सांगून ठेवा. औंदा नाताळ नाय. चांदणी बी नाय."

आणि गेल्या. मागं स्वरा उभी होती, तिनं ऐकलं. संध्याकाळी ओट्यावर सात पोरं जमली, पुढं स्वरा.

"आबा, नाताळ आपण करू. बाईंसाठी."

"चांदण्या क्रांती चौकात तयार मिळतात की गं."

"तशा नाय. घरातल्या वस्तूंच्या!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या एकाही घरात काही टाकायची सोय राहिली नाही.

*

मागच्या घरातला इरफान चकाकणारी पन्नी शोधायला गेला. औषधाच्या गोळ्यांची पाकिटं आतून चांदीसारखी असतात, हे त्याला बरोबर ठाऊक. घरातली सगळी पाकिटं घेऊन आला, तासाभरात आठ सितारे कापले.

दुपारी त्याची दादी ओरडत आली, "मेरी गोलियां कां गई रे?"

"सब डब्बी में हैं दादी! सिर्फ पन्नी ली मैं!"

दादीनं डबी उघडली. आत साठ-सत्तर गोळ्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गोल.

दादी सिताऱ्यांकडं बघून म्हणाली, "अब शुगर की कौनसी, बीपी की कौनसी, इन सितारों से पूछूं क्या?"

*

माझाही एक गुन्हा आहे. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा चांगला, वर सोनेरी छपाई. घरात पत्रिकांचा गठ्ठा होता. मी शांतपणे बसून अकरा चांदण्या कापल्या. सगळ्यात सुंदर चांदणी लाल पत्रिकेची झाली. वरच्या टोकाला गणपतीचा मुकुट!

दोन दिवसांनी सूनबाई कपाट उपसायला लागली. "माझ्या मामेभावाची पत्रिका पाहिली का कुणी? बिडकीनला रविवारी लग्न आहे, हॉल कुठला ते बघायचंय."

मी विचारलं, "लाल होती का?"

"व्हय, लालच."

मी चांदणी पुढं केली. मला वाचता येत नाही, जुनं लग्न कुठलं आणि व्हायचं लग्न कुठलं, काय कळणार! मुलानं चांदणी गोल फिरवून वाचली. एका टोकाला 'सायंकाळी', एका टोकाला 'मंगल', आणि हॉलचं नाव नेमकं दोन टोकांच्या मधल्या फटीत गेलेलं!

सूनबाई एवढंच म्हणाली, "बरंय. नवरदेव तरी शाबूत राहिला."

*

मग नाताळची गव्हाणी करायची ठरली, गोठ्यात जन्मलेल्या देवबाळाचा देखावा. बुटाचं खोकं मिळालं, कापूस माझ्याच उशीतून निघाला, त्याची मेंढरं झाली. मेंढपाळ कुठून आणायचे? स्वरानं दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आणून खोक्याभोवती उभे केले.

मी म्हटलं, "अगं, मेंढपाळाच्या हातात तलवार कशाला?"

"लांडगे येतात ना आबा!"

"आणि हा तोफेवाला?"

"मोठे लांडगे."

*

केलेल्या वस्तूंचं दुसरं खोकं भरत आलं तसा माझा धीर वाढला. बाटलीच्या बुचांची आणि तुटक्या बांगड्यांची एक घंटा फार सुबक झाली होती. ती घेऊन मी सुशीलाबाईंच्या दारात गेलो. पोरं फाटकाशी थांबली.

बाईंनी घंटा हातात घेतली, वाजवून पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली. "आबा, मी सांगितलं ना. माझ्या दारात काही लावू नका." दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच. ते जास्त लागलं.

पोरं ओट्यावर येऊन बसली. आठवडाभराची मेहनत खोक्यात तशीच. दोघीजणी तर रडायच्या बेतात.

इरफान म्हणाला, "बाईंच्या दारात नाय लावायचं. पण आबा, हे शेवग्याचं झाड तर तुमचं हाय ना?"

*

चोवीस तारखेला दिवेलागणीच्या आधी आम्ही शेवगा सजवला. शेवगा म्हणजे काय, काडी पैलवान! फांदीला घंटा बांधली, की फांदी नमस्कार करायची. तरी सगळं बसलं. गव्हाणी बुंध्याशी, तोफेसकट.

मोठी चांदणी शेवटी. खराट्याच्या काड्यांचा सांगाडा मी बाजेच्या गाठी मारून बांधला होता. त्यावर सूनबाईनं दुधाच्या पिशव्या धुऊन, उलट्या करून शिवल्या होत्या. आत बल्ब. स्टुलावर चढून मी ती टांगली, मुलानं बटण दाबलं. गल्ली उजळली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मग एकदम थांबल्या.

समोरचं दार उघडलं होतं. सुशीलाबाई पायरीवर उभ्या होत्या, पदर खांद्यावरून घेतलेला. गव्हाणी पाहिली, घंटा पाहिली, मग वर चांदणीकडं किती तरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता रागावणार. मी स्टुलाजवळून हललोच नाही.

त्या गल्ली ओलांडून आल्या. चप्पल काढली, पदर खोचला.

"आबा, चांदणी उलटी टांगलीय तुम्ही. एक टोक वर पाहिजे, दोन नाय. मास्तरांची बी दरसाल अशीच उलटी असायची. स्टूल घट्ट धरा, मी चढते."