पडौकचं टेबल आणि त्याचा चौथा पाय

तुम्ही आत्ता ज्या टेबलावर कोपर टेकवून बसला आहात, त्याचं लाकूड कुठल्या जंगलातलं आहे, हे सांगता येईल तुम्हाला?

मलाही आलं नसतं. तरीही आमच्या खर्डा गावातल्या अभ्यासिकेच्या टेबलासाठी वर्गणी मागणारं पत्रक लिहिताना मी ठोकून दिलं होतं, ‘या टेबलात जन्म माहीत नसलेली एकही फळी बसणार नाही.’ माझे वडील आयुष्यभर पत्रकं छापून वाटत आले. वह्यांना कव्हर पत्रकांचं, डब्यांखाली कागद पत्रकांचा, आणि घरात नियम एकच : छापलं ते पाळायचं. गावाने माझ्या त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून हात सैल केला. आता ते खरं करून दाखवणं भाग होतं.

टेबल करणार होता माझा मामा. गावातला सुतार. मला घेऊन तो नगरच्या वखारी हिंडला.

“आफ्रिकन साग आहे ताई, डोळे मिटून घ्या,” पहिला वखारवाला म्हणाला.

“आफ्रिकेत कुठला?”

“आफ्रिकेतला म्हणजे आफ्रिकेतला! मी काय बी पेरायला गेलो होतो?”

मामाने मला कोपराने ढोसलं. “झाडाची पत्रिका मागती व्हय? लगीन लावायचंय का त्याचं?”

दुसऱ्या वखारीतही तेच. तिसऱ्या वखारीत कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या रुंद फळ्या मामाला दिसल्या. शिर्डीच्या एका हॉटेलच्या काउंटरसाठी आणलेल्या, त्यातून उरलेल्या. मामाने अंगठ्याला थुंकी लावून फळीवर घासली आणि धुळीखालून शेंदरासारखा रंग उठला. “पडौक,” वखारवाला म्हणाला. त्याच्याकडे कागदही होता. कॅमेरूनहून जहाजावर चढलेलं, मुंबईजवळच्या बंदरात उतरलेलं.

मी कागद दोनदा वाचला. झाड कुणी तोडलं, त्याला काय मजुरी मिळाली, त्या जागी दुसरं लावलं का, यातलं एक अक्षरही त्यात नव्हतं.

“मग न्हाई घ्यायचं?” मामा म्हणाला. “पोरं काय तुज्या पत्रकावर वही ठिवून लिवनार?”

घ्यायचं ठरलं. पण जे कळलं आणि जे कळलं नाही, ते दोन्ही लिहून टेबलाखाली चिकटवायचं, अशी अट मी घातली.

पडौक सहज वश होत नाही. त्याच्या तंतूंची रेष एकदा इकडे वळते, एकदा तिकडे. रंधा उलटा लागला की ढलपे उपटून येतात. मामा दर दोन हातांना पातं पारजायचा. भुसा तर असा लाल की संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा मामीने दारातच विचारलं, “कुनाच्या हळदी-कुंकवाला गेल्ता?”

टेबल मांडायच्या आदल्या दिवशी दुपारी मी माझा कागद घेऊन खर्ड्याला मामाकडे पोचले. तो चिकटवायला टेबल उलटं केलं. तीन पायांचे तळ गाजरासारखे केशरी होते. चौथा बाहेरून तसाच लाल, पण त्याचा तळ तपकिरी.

“मामा, हा पाय कशाचा?”

मामा पटाशी दगडावर घासत राहिला. “एका पायाला उबी चीर गेली. मग बाभळीचा लावला. आपल्याच बांधावरची हाय, दोन वर्सं सावलीला वाळिवलेली. लाखंत त्योच लाल भुसा कालवून दिला हात. कुनाला कळतंय?”

“मला कळलं!”

“तुला उलटं करून बघायची खोडच हाय. लोकं नाक मुरडतील म्हनून रंगिवला. परदेशी टेबल म्हनून सांगितलं आन बाभळीवर भागिवलं, असं म्हन्तील.”

मी त्या तपकिरी तळावरून बोट फिरवलं. ती बाभळ मला माहीत होती. लहानपणी तिच्या शेंगा मी शेळ्यांना घातल्या होत्या. ती वाऱ्याने पडली तेव्हा ओंडका बैलगाडीतून कुणी आणला, हेही ठाऊक होतं.

“मामा, पत्रकातलं वाक्य पुरतं पाळणारा हा एकच पाय आहे,” मी म्हणाले. “आणि तू त्यालाच तोंड लपवायला लावलंस.”

मामाने पटाशी खाली ठेवली. मग उठून फळीवरचा काचेचा तुकडा त्याने माझ्या हातात दिला. “खरवड मग. रेषेच्या दिशेनं. आन बोटं संबाळ.”

तासाभराने बाभळ आपल्या रंगात उभी राहिली.

सकाळी तळाला कागद चिकटवून टेबल अभ्यासिकेत मांडलं. मळ्यातले एक आजोबा पुढे आले, त्यांनी पायावरून तळहात फिरवला. “ही तर बाभळ! माज्या गाडीच्या चाकाला हीच हुती. आन हे बाकीचे तिघं कोन?”

“पावनं,” मामा म्हणाला. “कॅमेरूनचं.”

“मग उबं का ठिवलंय? पानी इचारा की!”

सगळे हसले. नाक कुणीच मुरडलं नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी टेबलाखाली शिरून कागद मोठ्याने वाचू लागली. ‘कुणी तोडलं : माहीत नाही’ पाशी ती थांबली. “ताई, इथं पुढं जागा रिकामी सोडलीय?”

“कुणीतरी शोधून भरावी म्हणून.”

तिने मोबाईलवर कागदाचा फोटो घेतला. गेल्या आठवड्यात तिने मला विचारलं, की कॅमेरूनला पत्र इंग्रजीत लिहायचं की फ्रेंचमध्ये. आणि मामा आता वखारीत शिरला की माझ्याआधी तोच विचारतो, “कुठलं हाय? कागद दाव.”

तर एक करा. आज तुमच्या घरातलं एक टेबल उलटं करा, ते ज्याने केलं किंवा विकलं त्याला लाकूड कुठलं ते विचारा, आणि मिळेल ते उत्तर पेन्सिलीने त्याच्या तळाशी लिहा. नाहीच मिळालं, तर ‘माहीत नाही’ लिहा, आणि पुढे जागा सोडा.