हौसाबाई बोटीवर असताना

मानकोलीच्या फाट्यावरून गावात वळलं की पहिल्याच खांबावर तो बॅनर होता. मधोमध हौसाबाई, तिच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला तिचा मुलगा हिरामण, मागे पांढरीशुभ्र बोट आणि खाली ओळीनं मित्रपरिवाराची गोल गोल डोकी. 'मातोश्रींना आलिशान क्रूझची सफर घडवणाऱ्या मातृभक्त हिरामणशेठना हार्दिक शुभेच्छा.' शुभेच्छुक म्हणून नावं मित्रांची होती आणि छपाईचा खर्च हिरामणचा. आमच्याकडे बॅनरची हीच रीत आहे.

भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली तेव्हापासून हिरामणचा हिरामणशेठ झाला. त्यानं बंगला बांधला, बंगल्याला 'आईची छाया' असं नाव दिलं आणि आईला जिन्यामागची खोली दिली. हौसाबाईनं तक्रार केली नाही. त्या खोलीची खिडकी शेजारच्या तुळजाच्या अंगणात उघडायची आणि तिला तेवढं पुरेसं होतं.

दोघींचं अर्धं आयुष्य खाडीच्या चिखलात गेलं होतं. ओहोटीला उतरायचं, बिळात हात घालून चिंबोऱ्या काढायच्या, पाटी डोक्यावर घेऊन कामतघरच्या चाळी पालथ्या घालायच्या आणि लूमवाल्यांशी मोडक्यातोडक्या हिंदीत भांडून माल खपवायचा. चिखलात एकीचा पाय रुतला की तिनं दुसरीला नावानं हाक मारायची आणि दुसरीनं हातातलं टाकून धावायचं, हा त्यांचा ठराव होता. हौसाबाई विधवा झाली तेव्हा हिरामण तान्हा होता. पाठोपाठ तिला टायफॉइडनं आडवं केलं, तेव्हा तुळजानं एका बाजूला आपला मुलगा जीवन आणि दुसऱ्या बाजूला हिरामण घेऊन दोघांना पाजलं. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. हिरामण ती भाषणात सांगायचा.

आता तुळजा ओसरीतल्या खाटेला खिळली होती. हौसा बोटीवर जाणार म्हटल्यावर तिला जरा तरतरी आली. सुनेला, हेमालीला, तिनं ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढायला लावलं.

"मी तं काय आता उठत न्हाय," तुळजा म्हणाली. "माझा लुगरा तरी बोटीन जाऊ दे. नेसून जा."

मग तिनं पदराच्या टोकाला एक सुपारी बांधली आणि गाठ घट्ट आवळली.

"ही मोठ्या दर्यात सोड. खाडीन नको, खाडी रंगाच्या पान्यानं काली झाली. देवाला सांग, तुळजीला येवाचा व्हता, तिचं पाय चालत न्हाईत. आन तिथली मोरी कशी हाय ती नीट बघून ये. सगला मना सांग."

"मोरी कनाला बघू?"

"येवढं पैसं घेतात, मोरी तं बघाला नको?"

दोघी हसल्या. तुळजाला हसताना धाप लागली.

निघायच्या आदल्या दुपारी हिरामण आईच्या खोलीत आला आणि पलंगाच्या कडेला बसला. त्या खोलीत तो बसत नसे, उभ्या उभ्या बोलून जायचा. त्यामुळे काहीतरी बिनसलंय हे हौसाबाईला तो बोलायच्या आधीच कळलं. जिल्हा परिषदेचं तिकीट ज्यांच्या हातात होतं त्या साहेबांच्या सासूबाईंना बोटीची फार हौस होती. साहेबांनी सहज शब्द टाकला होता. हिरामणनं घेतलेले दोन्ही सुइट भरले होते. एकात हिरामणचं कुटुंब होतं, दुसऱ्यात त्याचा मित्र विपुल आणि त्याची बायकोमुलं. बोटीवर तिसरी खोली शिल्लक नव्हती.

"आये, साहेबांना न्हाय कसा बोलू?" हिरामण म्हणाला.

म्हणजे म्हातारी जाणारच होती, फक्त दुसऱ्याची.

"तुम्हाला बोट लागली असती, आई," सून मृणाली दारातून म्हणाली. जिनं अर्धा जन्म खाडीत आणि होडीत काढला तिला ती हे सांगत होती.

हौसाबाईला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण मुलाचा पडलेला चेहरा पाहिल्यावर तिनं ते नेहमीसारखं गिळलं आणि म्हणाली, "जावा तुमी. मी हाय घरान."

"तोच तं वांधा हाय," हिरामण म्हणाला. "बॅनर लागलाय. तू गावान दिसलीस तं केसरीनाथ मना जगू देल का?"

केसरीनाथ म्हणजे समोरच्या गटाचा. हिरामण शिंकला तरी तो गावभर सांगायचा. बॅनर उतरवणं हा एक मार्ग होता, पण तो कुणाला सुचलाही नाही. मृणालीनं दुसरा सुचवला. फ्रिज भरून ठेवायचा, कामवालीला सुट्टी द्यायची. आईंनी दिवा लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, खिडकीत यायचं नाही. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

हौसाबाईनं थोडा विचार केला. मग तीच म्हणाली, "मंग भायेरशी कुलूप लावा. न्हाय तं सवयीनं मी पायरीवर जाऊन बसन."

हिरामणच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, त्याला रडायला कधी वेळ लागत नाही. रडून झाल्यावर त्यानं कुलूप आणायला माणूस पाठवला.

नातू हितेश हुशार. त्यानं आजीला तुळजाचं हिरवं लुगडं नेसायला लावलं, डोळ्यांवर काळा गॉगल चढवला आणि भिंतीला टेकवून तिचे फोटो काढले. "बाकीचं मी मोबाइलवर करतो," तो म्हणाला. जाताना तिचा फोनही घेऊन गेला, बंद घरात वाजायला नको म्हणून.

काळ्या काचांच्या गाडीला बायकांनी हात केले. हौसाबाईच्या जागी गाडीत मृणालीची बॅग होती. "नशीब काढलं हो हौसानं," असं कोणीतरी दाराबाहेर म्हणालं आणि हौसाबाईनं ते दाराच्या आतून ऐकलं.

पहिला दिवस तिला गंमतच वाटली, हे सांगितलं पाहिजे. पडद्याआड जमिनीवर बसून ती गार भात खायची आणि शेजारचं अंगण ऐकायची. तुळजा आल्यागेल्याला सांगत होती, आमची हौसा आता पार मधल्या दर्यान असंल. हौसाबाईला हसू यायचं. ही सगळी फजिती तुळजीला नंतर कानात सांगायची, दोघींनी पोट धरून हसायचं, असं तिनं ठरवलं होतं. तुळजाशी ती कधी खोटं बोलली नव्हती आणि आताही बोलणार नव्हती. फक्त थोडा उशीर होणार होता.

दुसऱ्या दिवशी हितेशचा फोटो आला. हेमाली तो मोठ्यानं वर्णन करून सासूला दाखवत होती. मागे निळा समुद्र, पांढरा कठडा, त्याला धरून गॉगल घातलेली हौसाकाकी.

"लुगरा दिसतं का?" तुळजानं विचारलं.

"दिसतं ना. तुमचाच."

"गेला गं माझा लुगरा दर्यावर," तुळजा म्हणाली आणि हसली. भिंतीपलीकडे तेच लुगडं मांडीवर घेऊन हौसाबाई बसली होती. या वेळी मात्र तिला हसू आलं नाही.

त्यानंतरच्या दुपारी तुळजाचा श्वास बिघडला. डॉक्टर येऊन गेला आणि आता हलवू नका म्हणाला. अंगण माणसांनी भरत गेलं.

"हौसाला फोन लाव," तुळजा म्हणत होती.

"बंद लागतोय, आये. हिरामणचा बी लागत न्हाय," जीवन म्हणाला. "दर्यात रेंज येते जाते."

मग तुळजानं हाक मारली. "हौसे." चिखलात पाय रुतल्यावर मारायची तशीच, शेवटचं अक्षर लांबवून.

हौसाबाई उठली. इतकी वर्षं अंगात मुरलेली ती हाक होती, उठायचं की नाही हे तिनं ठरवलंच नाही. ती आधी दाराकडे गेली, कुलूप आठवल्यावर खिडकीकडे आली. पडद्यात हात घातला, कडी काढली, एक झडप बोटभर ढकलली. ओ द्यायला तिनं तोंडही उघडलं. अंगणात नेमका खिडकीखाली केसरीनाथ उभा होता.

"हिरामणशी माझा भांडान हाय," तो शेजारच्याला सांगत होता, "पन आयेला घेऊन गेला बोटीन. तेवढा मानाला पायजे त्याला."

हौसाबाईचं तोंड उघडंच राहिलं. आवाज निघाला असता तर अख्ख्या अंगणानं वर पाहिलं असतं आणि संध्याकाळपर्यंत तिच्या लेकाची गोदामवाल्यांपासून साहेबांपर्यंत सगळीकडे छी-थू झाली असती. तिनं आवाज दाबला. तो घशात अडकला आणि खोकला होऊन बाहेर पडला.

"कोन खोकलं?" हेमालीनं विचारलं.

"बंद घर हाय. मांजर असंल," कोणीतरी म्हणालं.

तुळजानं आणखी एकदा हाक मारली. हौसाबाई पडद्यामागे उभी होती, दहा पावलांवर. तिनं ओ दिली नाही. तिच्यावर कोणी हात ठेवला नव्हता, तोंड कोणी बांधलं नव्हतं. तिनं एका बाजूला लेकाची अब्रू ठेवली, दुसऱ्या बाजूला तुळजा, आणि लेकाची उचलली. हे तिला त्याच क्षणी स्वच्छ कळलं. पुढे कितीही वर्षं जगली असती तरी याहून जास्त काही कळायचं राहिलं नव्हतं.

अंगणात रडं उठलं तेव्हा तिनं लुगड्याचा बोळा तोंडात कोंबला आणि आवाज न करता रडली. तिरडी खिडकीखालूनच गेली. मागून चाललेली एक बाई म्हणाली, "हौसा बिचारी तिकरं मजा करते, तिला काय ठावं."

बोट परतली त्या दिवशी हिरामणची गाडी एकटीच आधी घरी आली, फाटक बंद झालं, हौसाबाईला आत बसवलं आणि गाडी पुन्हा मानकोलीच्या पुलापर्यंत गेली. तिथे बाकीची मंडळी थांबली होती. मग सगळे मिळून वाजतगाजत नाही, पण हॉर्न वाजवत गावात शिरले. पहिल्या खांबावर आता दोन बॅनर होते. क्रूझच्या शेजारी तुळजाचा फोटो लागला होता, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली 'शोकाकुल: मानसपुत्र हिरामणशेठ'. त्याची ऑर्डर त्यानं बोटीवरूनच दिली होती.

"आये, गाडीतून उतरल्या उतरल्या रड," हिरामण हळूच म्हणाला. "बोटीवर तुला कोनी सांगितला न्हाय. आताच कललंय."

ते सांगायची गरज नव्हती.

तुळजाच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या. त्यांनी हौसाबाईला मधे जागा दिली, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. हेमाली डोळे पुसत म्हणाली, "जाताना तुमचंच नाव होतं तोंडात, काकी. बोलली, हौसा बोटीन हाय ना? आमी हो बोललो. तशी शांत झाली." मग तिनं हात पुढे केला. "त्यो लुगरा द्या. दर्यावर जाऊन आला की मी मेल्यावर आंगावर घाला, बोलली होती. त्या टायमाला तुमी नव्हत्या. उद्या अस्थींबरोबर सोडतो."

हौसाबाईनं पिशवीतून घडी काढून दिली. सुपारीची गाठ ती सोडवू शकली असती. बंद घरात वेळ भरपूर होता. सुपारी अंगणात कुठेही टाकता आली असती. कितीदा तरी तिनं गाठीला नख लावलं होतं, पण तेवढं एक खोटं तिच्या हातून होईना.

हेमालीनं लुगडं नाकाशी नेलं. त्याला ट्रंकेचाच वास होता. मग तिचा हात सरकत सरकत पदराच्या टोकाशी आला आणि तिथेच थांबला. तिनं गाठ अंगठ्यानं चाचपली. समोरच्या बंद खिडकीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग हौसाबाईकडे.

"त्या दिवशी मांजर खोकलं होतं, काकी," ती एवढ्या हळू म्हणाली की शेजारणीलाही ऐकू गेलं नाही.

हौसाबाईनं मान खाली घातली. आता ही ओरडेल, सगळ्यांसमोर झिंज्या धरेल, असं तिला वाटलं. खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं.

हेमाली ओरडली नाही. तिनं गाठ मुठीत आवळली, ओले डोळे पदरानं कोरडे केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांगा ना काकी, बोटीवरची मोरी कशी होती? आमच्या आयेला तेवढंच ऐकाचा होता."

बायका सरकून जवळ आल्या. ओसरीच्या पायरीशी हिरामण हात जोडून उभा होता, त्याच्या बाजूला हितेशनं व्हिडिओ काढायला मोबाइल वर धरला.

"मोरी लय मोठी हाय," हौसाबाई म्हणाली. "सगली पांढरी."

"आनखी?"

"गरम पानी येतं. आरसा हाय, भिंतीयेवढा."

ती थांबली. तिला पुढचं काही सुचेना, तिनं ती मोरी पाहिली नव्हती. हेमालीनं मूठ सोडली नाही आणि नजरही काढली नाही.

"आनखी सांगा," ती म्हणाली.