गुंडूआण्णांची हाक

शिवाजी पेठेच्या कोपऱ्यावर संध्याकाळी गुंडूआण्णा आपल्या म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाईक समोर उभं असतानाच धार काढून फेसाळ पेला हातात देतात. आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतला माणूस दचकावा. आमची त्यांच्याशी ओळख झाली ती माझ्या नवऱ्यामुळं. शाळेचा क्रीडादिन जवळ आला, तसा सौमित्र आमच्या अवनीला रोज कट्ट्यावर नेऊन दूध पाजायला लागला. कोल्हापुरात कशावरही हाच इलाज. थोड्याच दिवसांत अवनीला मिशा आल्या, फेसाच्या. पळण्यात काडीचा फरक नाही.

मला नंबराचं काही पडलं नव्हतं. गेल्या वर्षी सगळ्या मुली पुढं गेल्यावर अवनी मधेच थांबली होती आणि सगळं मैदान हसत असताना रडत बाहेर आली होती. यंदा तिनं शेवटच्या रेषेपर्यंत पोचावं, एवढंच मला हवं होतं. ती मात्र त्या दिवशी शाळेतच जाणार नाही म्हणून हटून बसली होती.

हे गाऱ्हाणं मी आण्णांच्या कानावर घातलं. त्यांनी विचारलं, पोरीला पलीकडनं हाक कोण मारतं? कोणीच नाही, मी म्हटलं. आम्ही सुरुवातीला उभे राहून 'पळ, पळ' म्हणतो. आण्णा धार काढायचे थांबले.

"वैनी, दिवाळीच्या पाडव्याला शर्यतीत आमची म्हस पळती ती काय नंबरासाठनं? मी म्होरं पळतो, हाक मारतो, म्हणून येती की. मागनं वरडलं तर बिथरंल न्हवं?"

लेकीची तुलना म्हशीशी झाल्याचा मला रागच आला. अवनीला मात्र ती फारच आवडली. आण्णा येणार असतील तर पळते म्हणाली.

क्रीडादिनाला आण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि शेवटच्या रेषेपाशी जाऊन उभे राहिले. शिट्टी झाली, मुली सुसाट गेल्या. अर्ध्यावर अवनीचा वेग मंदावला, ती इकडंतिकडं बघायला लागली. तेवढ्यात आण्णांनी हात वर करून आरोळी ठोकली, "हुर्रर्र, ये गं माझ्या बाय!"

मैदान हसलं. अवनीही हसली आणि सुटली. ती जवळ येताच आण्णांनी सवयीनं पाठ फिरवली आणि स्वतःच पळत सुटले! पुढं आण्णा, मागं अवनी. रेषा गेली, बक्षिसांचं टेबल गेलं, बाई शिट्टी फुंकून दमल्या. दोघं थांबली ती एकदम शाळेच्या फाटकाशी.

मी धापा टाकत तिथं पोचले, तर अवनी घामाघूम होऊन विचारत होती, रेषा कुठाय? ती कधीच मागं गेली, मी सांगितलं. ती वळून मैदानाकडं बघतच राहिली.

"म्हंजे मी मधी थांबलोच न्हाय?"

"न्हाय," मी म्हटलं आणि भर फाटकात हसत हसत रडले.