चिंचेने घासलेलं पितळ

चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की सोलापुरातले नरसम्माचे घर आठवते. १९३०च्या आसपासची गोष्ट. गिरणी बंद होती. चर्चच्या मदत मंडळातर्फे डिसोझा मास्तर आणि मी घरोघर पाहणीला जायचो. पाहणी झाल्याशिवाय कुणाला दूध मिळत नसे.

नरसम्मा विणकराची विधवा. तिचा मुलगा कोपऱ्यात तापाने निपचित पडला होता. फळीवर पितळी भांडी लखलखत होती.

“बसा की मास्तर, तुमी पाहुणे,” म्हणत तिने पितळी पेल्यांतून आम्हाला चहा दिला. “लेकराला दूध मिळंल न्हवं?”

“बघू,” मास्तर म्हणाले. बाहेर येताच ते हसले, “आपल्या घरी तरी एवढं पितळ आहे का रे?”

मी कागदावर लिहिले, ‘गरज नाही.’

आठवड्याने त्याच गल्लीतून जाताना नरसम्माच्या उघड्या दारातून फळी रिकामी दिसली. शेजारीण अंगणात तीच भांडी चिंच लावून घासत होती.

“भांडी माझी हायेत, साहेब. पाहुणे येणार म्हणून तिनं मागून नेली हुती. वाटीभर दूधबी दिलं हुतं मी, लेकरासाठी.”

“मुलगा कसा आहे?”

“परवा गेला.”

आम्ही प्यालो तो चहा दुधाचा होता.